मोत्यावरची पालथी वाटी

१

पोवळं गेलं होतं आणि मोती जागेवर होता. चोरी म्हणायची तर ती अशी उफराटी.

मिसेस गोहच्या दिवाणखान्यात खिडकीपाशी काळ्या लाकडाचं एक तबक असे. त्यात कापराच्या लाकडाची फणी, लाल पोवळं, पिवळ्या मातीची तळहाताएवढी वाटी, चांदीची घंटी आणि एक मोती. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही चिनी लोकांची पाच तत्त्वं, त्यांची ही पाच रूपं. बाकीच्या वस्तू मलेशियातून, तिच्या वडिलांच्या दुकानातून आलेल्या. मोती मात्र इथला, कतारच्या समुद्रातून जुन्या पाणबुड्यांनी काढलेला. सगळं तबक विकलं असतं तरी त्या एका मोत्याची किंमत भरून निघाली नसती. तो सोडून चोरानं सुपारीएवढं पोवळं नेलं, आणि जाताना मातीची वाटी मोत्यावर पालथी घालून गेला.

२००६ सालचा मार्च महिना होता. मदिनत खलीफा वस्तीतल्या व्हिलांवर अजून उन्हाची दहशत बसली नव्हती. नयनाच्या बैठकीत मिसेस गोह पाठ ताठ ठेवून बसली होती आणि इंग्रजीत एकेक शब्द तोलून बोलत होती.

"शुक्रवारच्या माझ्या पाच तत्त्वांच्या वर्गाला तुम्ही तिघीच होतात. तू, चैत्राली आणि जैतून. पैशासाठी चोरी असती तर मोती गेला असता. ज्याला अग्नी हवा त्यानंच पोवळं नेलं. आणि तुमच्यात अग्नी हवा आहे तो फक्त तुझ्या नवऱ्याला. संजीवचा जन्म सप्टेंबरचा, अंगात धातू नुसता ठासून भरलाय, हे मीच तुला सांगितलं होतं."

"मी नेलं नाही," नयना म्हणाली.

"या शुक्रवारी जेवायला सगळे माझ्याकडे आहेत. त्याआधी पोवळं तबकात दिसलं तर मी काही विचारणार नाही. नाहीतर मला सगळ्यांसमोर विचारावं लागेल."

ती गेली. कोपऱ्यात वर्तमानपत्राआड बसलेल्या माणसाकडे तिनं पाहिलंही नव्हतं. ही तिची चूक झाली, कारण तो माणूस म्हणजे पोपटराव फडतरे. माण तालुक्यातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, नयनाचे वडील, लेकीकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. कॉपी करणारा मुलगा पाठमोरा बसला तरी ओळखायचे, असा त्यांचा लौकिक होता. हा लौकिक दुसऱ्या कोणी सांगायच्या आत ते स्वतःच सांगत.

संध्याकाळी जावईबापू आले आणि ऐकून पार गळून गेले. मिस्टर गोह त्यांचे साहेब होते, आणि डिपार्टमेंटच्या मुख्य जागेसाठी संजीवचं नाव त्याच महिन्यात पुढं गेलं होतं.

"अण्णा, इथल्या सूक बाजारातून तसलंच एक पोवळं आणू," संजीव म्हणाला. "तबकात ठेवू. विषय खलास."

"म्हणजे माझी पोरगी चोर, हे आपणच कबूल करायचं?" पोपटरावांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की सातवीचा वर्ग गार पडायचा. "शुक्रवारी मी जेवायला येणार आहे. चोर कोण ते मी सांगीन, नाहीतर शनिवारच्या विमानानं गावी जाईन."

आतून पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव गोहबाईंच्या दारात उभे राहिले. "मला तुमची विद्या शिकायची आहे," त्यांनी आपल्या खास इंग्रजीत सांगितलं. हे इंग्रजी व्याकरणात निर्दोष होतं आणि उच्चारात माणदेशी.

गोहबाईंनी त्यांना निरखून पाहिलं. वकिली करायला आलेला बाप तिनं ओळखला असावा. पण विद्यार्थी म्हणून आलेल्या माणसाला हाकलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं चहा ठेवला.

"जन्माच्या वर्षावरून लोक उगाच उड्या मारतात," ती म्हणाली. "मी उंदीर, तू वाघ. बळ ठरवतो तो महिना. महिना म्हणजे ऋतू, आणि ऋतू ज्या तत्त्वाचा, ते तत्त्व जोरात. वसंतात जन्मलेल्याचं लाकूड जोरात, उन्हाळ्यात अग्नी, शरदात धातू, हिवाळ्यात पाणी. प्रत्येक ऋतूच्या शेवटच्या महिन्यात माती."

"बाजरी पावसाळ्यात जोमात आणि ज्वारी थंडीत, तसं," पोपटराव म्हणाले.

"तसंच. मग ज्याचं बळ कमी ते वाढवायचं, ज्याचं फार झालं ते आवरायचं. लाकडानं अग्नी पेटतो, अग्नीची राख होऊन माती, मातीच्या पोटात धातू. उलट, पाणी अग्नीला विझवतं आणि माती पाण्याला बांध घालते."

पोपटराव दोन तास बसले. मधे मधे त्यांनी उलट प्रश्न विचारले, चुकलेलं उत्तर पुन्हा दिलं. गोहबाईंचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. तिच्या वर्गात इतका तयारीचा विद्यार्थी आला नव्हता, आणि हे तिला कळलं आहे हे पोपटरावांनाही कळलं. त्यांना बरं वाटलं.

"आता तिघींच्या घरचं सांगा."

तिला सगळं तोंडपाठ होतं. नयना मार्चची, म्हणजे लाकूड. संजीव वीस सप्टेंबरचा, धातू अगदी शिगेला. त्याला आकार द्यायला अग्नी हवा. चैत्राली तीन मेची. "ती स्वतःला अग्नीची समजत होती. पण आमचे महिने सूर्यावर चालतात, मेचा महिना पाच-सहा तारखेला लागतो. ती दोन-तीन दिवसांनी चुकली, वसंताच्या शेवटी राहिली. म्हणजे माती, आणि तीही भरपूर. चैत्राली रागावली माझ्यावर. तिचा नवरा असलं काही मानत नाही, त्यानं तारीखच दिली नाही."

"आणि जैतून?"

"ती ऑगस्टअखेरची, धातूची. पण तिला स्वतःचं काही नको असतं, सगळं नवऱ्याचंच विचारते. इलियास एक जूनचा, अग्नी चढता. ती लाल चादर घालू का विचारत होती. मी म्हटलं, आगीत तेल ओतू नकोस."

पोपटराव उठले आणि तबकापाशी गेले. मोत्यावर वाटी अजून पालथीच होती.

"ही कोणी घातली?"

"घाईत हात लागून पडली असेल. पोलीस येतील म्हणून मी हलवली नाही, आणि पोलिसांना बोलवायला मन झालं नाही."

पोपटरावांनी वाटीकडे वाकून पाहिलं. वाटी नुसती कलंडलेली नव्हती. ती मोत्याला मधोमध ठेवून नीट झाकलेली होती, आणि तबकातलं बाकी काही तसूभरही हललं नव्हतं. ही हाताची चूक नव्हे. हा कोणीतरी सोडवलेला पेपर होता.

३

चैत्राली नाशिकची. आर्किटेक्ट, तिशीच्या आतली. हातात लुसैलच्या नव्या शहराचे नकाशे घेऊन ती बसली होती. तिथं तेव्हा वाळूशिवाय काही नव्हतं, पण तिच्या कागदावर बुरूज उभे होते.

"काका, मला चोर ठरवायला आलात ना?" तिनं हसत विचारलं.

"तुला अग्नी हवा होता म्हणे."

"होता. सगळ्या कॉलेजात मला ठिणगी म्हणायचे. आणि ह्या बाई म्हणतात तू माती. वर पोवळंही घालायचं नाही, का तर अग्नीची राख, राखेची पुन्हा माती. मी म्हटलं, ठेवा तुमचं पोवळं. त्या दिवसापासून मी तबकाकडे पाहिलंही नाही."

"आणि मातीची वाटी?"

"ती तर डोळ्यासमोर नको." तिनं नकाशा गुंडाळला. मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, एक सांगू? चहा आणायला बाई आत गेल्या तेव्हा मी आणि जैतूनताई बाल्कनीत होतो. मधे फोन आला म्हणून मी खाली गेले. नयनाताई किचनमध्ये बाईंना मदत करत होती, पण ती एकदा बाहेर येऊन गेली. मी जिन्यातून पाहिलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. पण शुक्रवारी मला विचारलं तर मी खोटं नाही बोलणार."

पोपटराव एकेक पायरी मोजत खाली उतरले.

४

जैतून इलियास मुकादम म्हसळ्याची, रायगडची. मागच्या गल्लीत कंपनीच्या क्वार्टरात राहायची. इंग्रजी तिला अडखळत येई, म्हणून गोहबाईंच्या वर्गात नयना तिच्या शेजारी बसून वाक्य न् वाक्य मराठीत सांगत असे. दोघींची मैत्री त्यातूनच झालेली.

"या गुरुजी, बसा ना. अल रुवैस बंदरावरची ताजी मच्छी आलीय, जेवल्याशिवाय सोडणार नाय."

इलियास हॉलमध्ये खुर्चीत बसला होता. क्रेनवरचा फोरमन, दणकट माणूस, पण अंगावर शाल. त्यानं सलाम केला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला. दोन महिन्यांपूर्वी साईटवर क्रेनचा दोर निसटला होता. कोणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून इलियास गप्प झाला होता. क्रेनच्या केबिनमध्ये चढायचं म्हटलं की त्याचे हात गार पडत. पोरांना पाठवतो आणि स्वतः खाली उभा राहतो, हे जैतूननं स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं.

"असे नव्हते ओ हे. लई तालेवार माणूस. जन्मले तेव्हापास्नं गाजावाजा." ती बोलता बोलता खुलली. "ह्यांचे मामू नाताळच्या सुट्टीत मुंबईहून आलेले, म्हणून शेतात पोपटी लावलेली. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात घालून वरनं जाळ. मडकं उतरवलं नि सासूबाईंच्या पोटात कळा आल्या. मामू अजून सांगतात, शेंगा थंड झाल्या पण पोर गरमागरम मिळालं."

पोपटरावांनी माशाचा काटा काढता काढता हसून मान डोलावली. जेवण अप्रतिम होतं. निघताना त्यांनी सहज विचारलं, "गोहबाई चहा आणायला गेल्या तेव्हा नयना बाहेर आली होती का?"

जैतूनचा हात ओढणीवर थांबला. "आली असंल, गुरुजी. मी काय बघितलं नाय. पण नयनाताई चोरी करणार नाय. ते मी कुरआनवर हात ठेवून सांगीन."

एवढ्या खात्रीनं सांगणारा साक्षीदार फार काही जाणतो, हे पोपटरावांना छत्तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

५

गुरुवारी दुपारी ते पुन्हा त्या दारात उभे राहिले. इलियास ड्युटीवर होता.

"जैतून, मी चिनी विद्येवर विश्वास ठेवत नाही," पोपटराव म्हणाले. "पण चोरानं ठेवला, तेवढं मला पुरे आहे. बस आणि ऐक. चुकलं तर सांग."

ती बसली.

"चोरानं अग्नी नेला आणि पाण्यावर माती घातली. का? संजीवसाठी असतं तर माती कशाला? मातीतून धातू वाढतो, त्याला तर धातू आधीच जास्त. जिनं वर्गाचं भाषांतर केलं ती माझी मुलगी ही चूक करणार नाही. चैत्रालीला माती नकोशी आणि अग्नीची राखही नकोशी, तिचा नवरा तर हे मानतच नाही. मग अग्नीही हवा आणि पाण्याला बांधही हवा, असा कोण? ज्याच्या अंगात पाण्याचा पूर आहे तो. म्हणजे ऐन हिवाळ्यात जन्मलेला. आणि गोहबाईंकडे दिलेल्या तारखांत हिवाळ्याचा एकही माणूस नाही."

जैतून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"इथं मी अडलो होतो. मग म्हटलं, माणूस नाही असं कसं, तारीख खोटी असेल. आणि एक जून ही तारीख माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतो? आपल्याकडे पोर शाळेत आणलं, जन्मतारीख आईबापाला आठवत नाही, शाळा तर जूनमध्ये उघडते. मास्तर पोराचा हात डोक्यावरून कानाला लागतो का बघतो आणि लिहितो, एक जून. अर्ध्या माण तालुक्याचा वाढदिवस मी एका दिवशी लावला आहे. तोच दाखला पुढं पासपोर्टला लागतो. इलियास पासपोर्टवर उन्हाळ्यातला आणि पोपटीच्या मडक्याशेजारी नाताळच्या सुट्टीतला. अग्नीचा नव्हे, पाण्याचा."

ती उठून आत गेली. उशीचा अभ्रा उसवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर पोवळं होतं.

"आमच्यात हे असलं चालत नाय, गुरुजी. ह्यांना कळलं तर तोंड नाय बघणार माझं. पण माणूस डोळ्यासमोर विझत चाललेला मला बघवंना. थोडे दिवस ठेवून परत देणार होते."

"गोहबाईंना खरी तारीख का नाही सांगितलीस? तिनं आपण होऊन दिलं असतं."

"तिचा नवरा मोठा साहेब. पासपोर्टवर एक आणि खरं दुसरंच म्हटलं तर काय होईल? खोटी कागदं म्हणून ह्यांना घरी पाठवलं तर? ह्यांना कामावरच तर उभं करायचं होतं मला."

 नयना सुटायची तर जैतूनचं नाव घ्यावं लागणार, आणि नाव घेतलं की इलियासच्या तारखेचा प्रश्न निघणार. त्यांनी हात पुढं केला. "दे इकडं. मी तबकात ठेवतो. म्हणीन, सोफ्याखाली सापडलं."

जैतूननं मूठ मिटली. "मग नयनाताईवरचा डाग जाईल?"

पोपटरावांनी पुढं केलेला हात मागं घेतला.

"नाय ना जाणार? लोक म्हणतील, बापानं आणून ठेवलं." तिनं मान वर केली. त्या क्षणी ती त्यांना फार उंच वाटली. "मुकादमाच्या सुनेनं केलंय ते मुकादमाची सून सांगंल."

६

शुक्रवारी गोहबाईंच्या टेबलाभोवती सगळे जमले. मिस्टर गोह मधोमध, कमी बोलणारा, चष्म्यावरून बघणारा माणूस. इलियासला जैतूननं काहीही न सांगता आणलं होतं. मिसेस गोहनं तबकाकडे पाहिलं. पोवळं नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि नयनाकडे वळली.

"मी घेतलं," जैतून उभी राहून म्हणाली. मग तेच इंग्रजीत म्हणाली, कोणाचीही मदत न घेता. पुढं जाऊन तिनं पोवळं तबकात ठेवलं, वाटी उचलून जागेवर सरळ ठेवली आणि नवऱ्यामागं जाऊन उभी राहिली. "नयनाताईला ठाऊकच नव्हतं. माझ्या माणसासाठी घेतलं."

इलियासनं वळून तिच्याकडे पाहिलं. रागावायचं त्याला सुचलं नसावं.

"पण तो तर जूनचा," मिसेस गोह गोंधळून म्हणाली. "अग्नीला अग्नी कशाला?"

 मिस्टर गोहनी चमचा खाली ठेवला.

तेव्हा पोपटराव उठले. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे राहत तसे उभे राहिले, आणि त्यांनी एक जूनची सगळी हकिकत सांगितली. कानाला लागणारा हात, जूनमधली शाळा, सरकारी शाळेचा दाखला, आणि इलियास खरा जन्मला ती नाताळची सुट्टी. "यात लबाडी नाही," ते म्हणाले. "आमच्या आईबापांना तारखा येत नव्हत्या, तरी त्यांनी पोरं शाळेत आणली. त्या पहिल्या दिवसाची तारीख आहे ती. मला तिचा अभिमान आहे. माझ्याही पासपोर्टवर एक जूनच आहे. आई म्हणायची मी झालो तेव्हा बाजरी कणसात आली होती, त्यापलीकडे मलाही ठाऊक नाही."

"मुंबईच्या ऑफिसात एक जूनला केक पुरायचा नाही," संजीव म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा आला.

मिस्टर गोहनी चष्मा पुसला. "आमच्या पर्सोनेलचे लोक कित्येक वर्षं कोड्यात आहेत, इतके इंडियन एकाच दिवशी कसे जन्मले. मी समजत होतो तुमच्याकडे तो शुभ दिवस असावा." मग ते इलियासकडे वळले. "म्हणजे तुझा वाढदिवस डिसेंबरात. फोरमन, माझ्या कागदांवर मात्र जूनच राहू दे. आणि तो दोर निसटला त्यात तुझी चूक नव्हती, हा रिपोर्ट माझ्या टेबलावर आहे. कोणी सांगितलं नाही का तुला?"

"नाय, साहेब," इलियास म्हणाला. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे, नो सर."

मिसेस गोह टेबलाला वळसा घालून नयनापाशी आली. सगळ्यांसमोर विचारणार होती, तशीच तिनं सगळ्यांसमोर माफी मागितली. तीही मानी बाई होती, तिला ते सोपं गेलं नाही, पण तिनं एक शब्दही गिळला नाही. पोपटरावांना ती त्या दिवशी मनापासून आवडली.

घरी येताना संजीव साहेबांबरोबर मागं रेंगाळला. नयना आणि पोपटराव दोघंच चालत होते.

"अण्णा, तुम्ही चैत्रालीला विचारलंत, जैतूनताईंना विचारलंत, गोहबाईंकडे तर दोन तास बसलात. चैत्रालीनं मला बाहेर आलेलं पाहिलं होतं, तेही तुम्हाला कळलं. मी साखर न्यायला आले होते. मला एकदाही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं होतं?"

"मी घेतलं का, म्हणून."

पोपटराव थांबले. "अगं, सगळ्या तालुक्याला मी एक जून लावला. तुझी तारीख मात्र खरी लिहिली, कारण तुझ्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर मी रात्रभर बसलो होतो. तू कशी जन्मलीस आणि कशी वाढलीस हे मला माहीत आहे. जे माहीत आहे ते मास्तर विचारत नाही."

 नयनानं डोळे पुसले आणि ती चालू लागली. फाटकाशी समोरच्या व्हिलातली लेबनीज बाई झाडांना पाणी घालत होती. रोज नुसती मान हलवून जाणारी नयना आज तिच्यासमोर थांबली, वडिलांचा दंड धरला आणि म्हणाली, "हे माझे वडील."